काळीज मागितलं, यकृत गेलं

पहिलं करडू मेलं तेव्हा आम्ही सापाला दोष दिला. दुसरं मेलं तेव्हाही सापच. तिसरं माझ्या डोळ्यांदेखत गेलं आणि साप आसपास कुठे नव्हता. साडेतीन आठवड्यांचं, खांडातलं सगळ्यांत गुटगुटीत करडू. आई चरून आलेली ऐकली तसं कुंपणाच्या या टोकापासून उड्या मारत सुटलं, निम्म्या वाटेत पुढचे पाय दुमडले आणि तोंडावर पडलं. मी पोचेपर्यंत संपलेलं. नाकाशी थोडा फेस, बाकी अंगावर ओरखडाही नाही. मग आठवून पाहिलं, तर आधीची दोन्हीही खेळता खेळताच गेली होती आणि दोन्ही अशीच बाळसेदार होती. किडकिडीत करडं मात्र ठणठणीत. साप काही गुबगुबीत बघून चावत नाही.

आमच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आता औषध कुणाला देणार? उघडून बघू आणि हृदय तपासायला पाठवू." त्यांनीच एका प्रयोगशाळेचा नंबर दिला. मेलेल्या जनावराचे अवयव कुरियरने मागवायचे, तपासायचे आणि अहवाल लिहून द्यायचा, असं त्यांचं काम. गेल्या वर्षभरात मी ही सेवा दोनदा घेतली, एकदा करडासाठी आणि एकदा घोडीसाठी. पहिल्या वेळी फार समाधान झालं, दुसऱ्या वेळी चरफडले. नाव लिहीत नाही, कारण तक्रारी आहेत, आणि त्यातल्या निम्म्या माझ्याच गलथानपणाच्या आहेत.

फोन उचलणाऱ्या बाई स्वतःच विकृतिशास्त्राच्या डॉक्टर निघाल्या. मला वाटलं पत्ता सांगतील आणि फोन ठेवतील. त्यांचा पहिला प्रश्न, "ताई, नाकातोंडातून किंवा शेणाच्या वाटेने काळपट रक्त आलंय का?" नाही म्हटल्यावरच पुढे बोलल्या. काळपुळीने मेलेलं जनावर उघडलं की जंतूंना हवा लागते, त्यांचे बीजाणू होतात, ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि सुरी धरणाऱ्या माणसालाही आजार होऊ शकतो. म्हणून अचानक मेलेल्या जनावराच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यांत आधी. या एका प्रश्नावर मी त्यांना निम्मे गुण देऊन टाकले.

पुढची वीस मिनिटं हृदयाबद्दल अवाक्षर नाही. शेळ्या गाभण होत्या तेव्हा काय खात होत्या? वाळला चारा किती महिन्यांचा? हिरवं कधीपासून बंद? खनिज मिश्रण देता का, आणि त्याच्या पोत्यावर सेलेनियम लिहिलंय का? खांडात कुणाच्या जिभेवर, खुरात फोड? खुराक नेमका कुठल्या जनावरासाठी बनवलेला? सरकीची पेंड? कुंपणाला कण्हेर आहे? अवोकाडोचं झाड? शेवटी मी वैतागून म्हटलं, "अहो मॅडम, आधी हृदय तर बघा." तर म्हणाल्या, "ते बघेनच. पण हृदय मला एवढंच सांगणार की मार बसलाय. कुणी मारलं ते तुमच्या गव्हाणीत सापडेल."

तेव्हा मला हे वाक्य जरा नाटकी वाटलं होतं.

पाठवायची पेटी आमच्या डॉक्टरांकडे एक शिल्लक होती. रुंद तोंडाची फॉर्मलिनची (अवयव सडू नयेत म्हणून बुडवायच्या औषधाची) बरणी, बर्फाच्या जेलच्या पिशव्या, हातमोजे, रिकाम्या पिशव्या आणि एक सूचनापत्र. डॉक्टरांनी करडू उघडलं, मला छातीत साठलेलं पिवळसर पाणी दाखवलं, आणि पुढचा फोन आला म्हणून हात धुऊन निघाले. जाता जाता गड्याला म्हणाले, "काळीज बरणीत घाल, बाकीचं खोल पुरून टाक."

आता काळीज म्हणजे काय? माझ्या लेखी काळजाचा ठोका चुकतो, काळीज तुटतं, म्हणजे काळीज छातीत. आमच्या गड्याच्या लेखी काळीज म्हणजे कलेजी. त्याने इमानेइतबारे यकृताचा मोठा तुकडा कापून बरणीत घातला, झाकण घट्ट लावलं आणि कुदळ घ्यायला गेला. मी कुरियरची चौकशी करायला प्रयोगशाळेला फोन लावला होता. मॅडमनी सहज विचारलं, "कप्पे उघडून आतलं रक्त धुतलं का?" मी बरणी उजेडात धरली. कप्पेबिप्पे काही नव्हते. चोपडा, तपकिरी, कडेला धारदार. "ताई, ते यकृत आहे," मॅडम पलीकडून म्हणाल्या. अंगणातून कुदळीचा आवाज येत होता. मी अनवाणी पळाले.

यामुळे एक झालं. हृदय मी स्वतःच्या हाताने काढलं, आणि नीट बघितलं. कोंबडीच्या अंड्याएवढं. मॅडम फोनवर सांगत होत्या तसं करत गेले. डावा कप्पा उघडला तर आत काळं गोठलेलं रक्त. मेल्यावर काही तासांनी स्नायू ताठरतात तेव्हा निरोगी डावा कप्पा आवळला जाऊन आतलं रक्त बाहेर ढकलतो. आत गोठलेलं रक्त तसंच राहिलं तर स्नायूत आवळायचीही ताकद उरली नव्हती असा संशय घ्यायचा. रक्त धुतलं, आणि आतल्या अस्तराखाली पांढुरक्या, खडूने ओढल्यासारख्या रेघा दिसल्या. मी त्यांना चरबी समजले. मॅडम म्हणाल्या, "सुरी आडवी फिरवा." फिरवली तर वाळूवर घासल्यासारखी करकर झाली. मेलेल्या स्नायूत चुना साठला होता. साडेतीन आठवड्यांच्या पोराच्या हृदयात चुना, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

पाठवण्याचे नियम त्यांनी चोख सांगितले. अवयव एक भाग तर फॉर्मलिन दहा भाग, तेही दहा टक्क्यांचं. हृदय अख्खं बुडवलं तर औषध आतपर्यंत पोचायच्या आधी मधला भाग सडतो, म्हणून आधी उघडायचं, जाड भाग चिरायचा. बरणीत जायचं ते कधीही गोठवायचं नाही. बर्फाचे कण पेशी फाडतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली नुसता चिंधडा दिसतो. याउलट यकृत मात्र ताजं, फक्त थंड करून हवं, कारण शरीरात सेलेनियम किती साठलंय ते मोजायला यकृत लागतं. म्हणजे गड्याने चुकून काढलेला अवयव उपयोगाचाच होता, फक्त चुकीच्या बरणीत होता. उरलेला तुकडा बर्फात घालून पाठवला.

अहवाल यायला जवळपास तीन आठवडे लागले. ही माझी पहिली तक्रार, आणि साधी नाही. त्या तीन आठवड्यांत चौथं करडू गेलं. मॅडमनी फोनवर सावधपणे "डॉक्टरांशी बोलून घ्या, संशय सेलेनियमचा आहे" असं सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी कागदाची वाट बघत बसले असते. प्राथमिक अंदाज दोन दिवसांत लेखी कळवायची सोय असायला हवी. फोनवर कोण काय म्हणालं ते दुसऱ्या डॉक्टरांना दाखवता येत नाही.

निदान होतं ते पशुवैद्यकात श्वेत स्नायू रोग म्हणतात त्याचं, हृदयावर बेतलेलं रूप. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व कमी पडल्याने होतं. स्नायू काम करतो तेव्हा आत ऑक्सिजनच्या ज्वलनातून घातक कण तयार होतात. ते विझवायचं काम एका विकराचं (एन्झाइमचं), आणि त्या विकराच्या गाभ्यातच सेलेनियम असतं, हे 1973 साली उघड झालं. ई जीवनसत्त्व पेशीच्या पातळ पडद्यात बसून त्याच आगीला अडवतं. दोन्ही कमी पडली की सगळ्यांत जास्त राबणारे स्नायू आधी जळतात: हृदय, श्वासपटल, मांड्या, चोखणारी जीभ. फाटक्या पडद्यातून कॅल्शियम आत घुसतं, आणि खडूच्या रेघा उमटतात. गुटगुटीत करडंच का मेली तेही इथे कळलं. जे जास्त वेगाने वाढतं, जास्त उड्या मारतं, त्याला हे दोन्ही जास्त लागतात. किडकिडी बसून होती म्हणून वाचली.

आणि मॅडमची गव्हाण? शेळ्यांना गाभणकाळात आम्ही जुना वाळला चारा घातला होता. हिरव्यात ई जीवनसत्त्व भरपूर असतं, वाळवून साठवलं की महिन्यागणिक उतरत जातं. सेलेनियमचं गणित मातीवर. मातीत नसेल तर चाऱ्यात कुठून येणार? पोत्यावर बघायला गेले तर आमच्या खनिज मिश्रणात तांबं, जस्त, कोबाल्ट, आयोडीन सगळं होतं, सेलेनियम नव्हतं. सेलेनियम पोटातल्या पिलाला नाळेतून बऱ्यापैकी मिळतं, ई जीवनसत्त्व मात्र मुख्यतः चिकातून. म्हणजे आई रिकामी तर पिल्लू जन्मतःच कर्जात.

मी तेवढ्यावर सगळ्या खांडाला दुप्पट डोस टोचायला निघाले होते. इथे ही सेवा पैशापलीकडे उपयोगी पडली. मॅडमनी जवळजवळ ओरडूनच थांबवलं. चाऱ्यात सेलेनियमची गरज किलोमागे 0.1 ते 0.3 मिलिग्रॅम, आणि 5 मिलिग्रॅमच्या पुढे धोका. मधली फट एवढीच. जास्त झालं तर तेच सेलेनियम हृदयाचा स्नायू मारतं. 2009 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात पोलोचे 21 घोडे एका स्पर्धेच्या वेळी कोसळून मेले, ते मिश्रण बनवताना सेलेनियमचं प्रमाण चुकल्यामुळे. मग आमच्या डॉक्टरांनी वजन करून, मोजून टोचलं, आणि पुढच्या वेताला शेळ्यांना विण्याच्या महिनाभर आधी. त्या वेताला एकही करडू असं गेलं नाही.

अहवालाचं दुसरं पान मला पहिल्यापेक्षा आवडलं. त्यावर "विचारात घेतलेल्या शक्यता" आणि त्या का वगळल्या, हे लिहिलं होतं. मी ते पान अजून जपून ठेवलंय, कारण त्यावरून पहिल्यांदा लक्षात आलं की फिकट रेघांचं हृदय हे किती वेगवेगळ्या वाटांनी येऊ शकतं.

लाळ्या खुरकूत तिथे सगळ्यांत वर. मोठ्या जनावराला तोंडात, खुरात फोड येतात, ताप येतो, दूध आटतं, आणि बहुतेक वेळा ते उठून उभं राहतं. पण त्याच विषाणूची गाठ वासरू, कोकरू, करडू, डुकराचं पिल्लू यांच्याशी पडली की तो थेट हृदयाच्या स्नायूत शिरतो. फोड यायच्या आत पिल्लू मरतं. हृदय उघडलं तर लाल स्नायूवर फिकट पट्टे, वाघाच्या अंगावर असतात तसे, आणि पशुवैद्य त्याला वाघी हृदय म्हणतातही. माझ्या करडाच्या रेघा आणि हे पट्टे नुसत्या डोळ्यांनी मी तरी वेगळे सांगू शकले नसते. सूक्ष्मदर्शकाखाली फरक कळतो: विषाणूच्या हृदयात पांढऱ्या पेशींची झुंबड असते, माझ्याकडच्यात चुना होता. म्हणून त्यांनी फोडांबद्दल इतकं खोदून विचारलं होतं.

सरकीची पेंड दुसरी. तिच्यात गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं. मोठी गाय, शेळी कोठीपोटात त्याला बांधून टाकते, निदान बेताने घातलं तर. पण ज्याचं कोठीपोट अजून तयार नाही असं वासरू, आणि ज्याला ते मुळातच नाही असं डुक्कर, यांच्यात ते साठत जातं. आठवडे, कधी महिने काहीच दिसत नाही, मग एके दिवशी धाप आणि मृत्यू. उघडल्यावर पसरट मऊ हृदय, छातीपोटात पाणी, आणि कापलेल्या जायफळासारखं दिसणारं यकृत. हे जायफळी यकृत म्हणजे मागे तुंबलेल्या रक्ताची खूण. हृदय पंप करत नसलं की रक्त तिथे अडतं. वासराला "पौष्टिक आहे" म्हणून मूठ मूठ सरकी घालणारे मला चार तरी माहीत आहेत. त्यातली एक मी होते.

वनस्पतींचा परिच्छेद वाचताना मला दरदरून घाम फुटला, कारण विष खाल्लं आणि मेलं इतकं ते सरळ नसतं. कण्हेर समजा झटपट दगा देते, तिच्यातली द्रव्यं हृदयाची लयच बिघडवतात. अवोकाडोच्या पानांत पर्सिन असतं, शेळी ते पाला म्हणून ओरबाडते आणि हृदयाच्या पेशी मरतात. पण दक्षिण आफ्रिकेत एक आजार आहे, गाउसिक्टे, तिथल्या भाषेत झटपट आजार. कॉफीच्याच कुळातल्या काही झुडपांमुळे होतो. नाव झटपट, पण जनावर झुडूप खातं आज आणि कोसळतं चार ते आठ आठवड्यांनी, तोवर चांगलं चरत असतं. तेव्हा कुणाला आठवणार दीड महिन्यापूर्वी कळप कुठल्या रानात होता? मी त्या दिवसापासून चराईची वही ठेवते. घरात सगळे हसतात.

तांब्याची कमतरता मला नवी होती. 1930-40 च्या दशकांत पश्चिम ऑस्ट्रेलियात धडधाकट गायी चालता चालता एकदम पडून मरत. शोध घेतला तर चाऱ्यात तांबं नव्हतं आणि हृदयातला स्नायू झिजून त्या जागी नुसता तंतूंचा गोळा उरला होता. उलट मेंढीला तांबं जरा जास्त झालं तरी ती यकृताने मरते, म्हणजे गायीचं मिश्रण मेंढीला घालायची सोय नाही. बाकी काही ओळींतच होतं: फऱ्याचे जंतू कधी हृदयाच्या स्नायूतही बसतात, खूप उंचावर, 1,500 मीटरच्या वर, नेलेल्या गुरांच्या फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि उजवं हृदय थकून छातीच्या पोळीला सूज येते, गायीने गिळलेली तार हृदयाला टोचते तो आजार वेगळा, तो आवरणाचा, स्नायूचा नाही. कुत्र्यामांजरांचं मी तोंडी विचारलं, कारण आमची मांजर राजरोस कुत्र्याच्या ताटलीतलं खाते. मॅडम म्हणाल्या, बंद करा. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य शरीरात पुरेसं बनवता येत नाही, आणि ते आहारात कमी पडलं की हृदय फुग्यासारखं पातळ होतं. 1987 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हे दाखवलं, आणि टॉरिन दिल्यावर त्या मांजरांची हृदयं सुधारली सुद्धा. तेव्हापासून मांजराच्या खाद्यात ते घालतात, कुत्र्याच्या खाद्यात घालतीलच असं नाही. डॉबरमनसारख्या कुत्र्यांच्या काही जातींत आणि मेन कूनसारख्या मांजरांत तर दोष रक्तातूनच येतो, तिथे गव्हाण धुंडाळून उपयोग नाही.

आता घोडी.

नऊ वर्षांची, पोटशूळ सोडला तर कधी आजारी न पडलेली. एका सकाळी खुराकाला तोंड लावेना. घाम, मागच्या पायांत झोकांड्या, नाडी बसल्या जागी पळाल्यासारखी. आम्ही पोटशूळच समजलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडली ती उठली नाही. पेटी मागवलेली होतीच, या वेळी काळजाचा घोळही झाला नाही. आमच्या डॉक्टरांनी हृदय उघडून दाखवलं तर एकही रेघ नाही. सुंदर, गडद, भरीव हृदय. मी म्हटलं, "हृदयाचं नाहीच हे." डॉक्टर म्हणाले, "पाठवा तरी."

अहवालात लिहून आलं: स्नायूच्या पेशी जागोजागी ताज्या मेलेल्या, आयनोफोर विषबाधेशी सुसंगत, खाद्याचा नमुना उपलब्ध नसल्याने निश्चिती नाही. डोळ्यांना काही दिसलं नाही कारण जनावर लवकर मेलं. रेघा उमटायला वेळ लागतो, तेवढाही तिला मिळाला नाही.

आयनोफोर म्हणजे मोनेन्सिनसारखी औषधं. कोंबड्यांना रक्ती हगवण होऊ नये म्हणून, आणि गुरांना चारा अंगी लागावा म्हणून खाद्यात मिसळतात. ही द्रव्यं सोडियमला पेशीच्या पडद्यातून हात धरून आत नेतात, पाठोपाठ कॅल्शियम शिरतं आणि पेशी गुदमरते. गायीला मारायला वजनाच्या किलोमागे 20 ते 80 मिलिग्रॅम लागतं, कोंबडीला 200 च्या आसपास. घोड्याला 2 ते 3 पुरतं. आणि आमच्याकडे काय झालं होतं? घोडीचं पोतं संपलं होतं, शेजारी पिल्लांच्या ब्रॉयलर खाद्याचं उघडं होतं, गड्याने "दाणाच आहे की" म्हणून दोन दिवस तेच घातलं. मी हिशेब मांडला. अशा खाद्यात मोनेन्सिन असलं तर किलोला साधारण 100 ते 125 मिलिग्रॅम. घोडी 400 किलोची. दोन दिवसांत तिने आठ किलो खाल्लं असेल, म्हणजे 800 ते 1,000 मिलिग्रॅम, किलोमागे 2 ते 2.5. पेन्सिल खाली ठेवली आणि बराच वेळ तशीच बसले.

पण पोत्यात मोनेन्सिन होतं का, हे मला कधीच कळणार नाही. पोतं रिकामं झाल्यावर धुऊन त्यात शेणखत भरलं होतं, लेबल चिखलात गेलं होतं. टोपाच्या कोपऱ्यात चिकटलेलं मूठभर खाद्य खरवडून पाठवलं, तर उत्तर आलं की चाचणीला निदान अर्धा किलो हवं. हे आधी सांगायला काय झालं होतं? पहिल्या फोनवर प्रश्न विचारले, पण "खाद्याचा अर्धा किलो नमुना आजच बाजूला काढा, पोतं फेकू नका" असं कुणी म्हणालं नाही. या वेळी फोन मॅडमनी नाही, दुसऱ्याच कुणी उचलला होता, आणि त्यांचा सगळा भर बरणीत हृदय नीट बुडालंय का यावरच. म्हणजे ही सेवा किती चांगली ते तुमचा फोन कोण उचलतं त्यावर ठरतं, आणि असं असू नये. सूचनापत्रात हृदयाबद्दल अकरा ओळी आहेत, खाद्याबद्दल एक. उलट हवं. आणि खाद्याच्या चाचणीचे पैसे वेगळे आहेत हेही नंतर कळलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी मनापासून केली. घोडीचं शिंगरू त्याच टोपात तोंड घालायचं, हे मी बोलता बोलता सांगितलं, तेव्हा मॅडमनी स्वतःहून फोन करून त्याच्या रक्तात ट्रोपोनिन तपासायला लावलं. हृदयाची पेशी फुटली की हे प्रथिन रक्तात उतरतं. वाढलेलं निघालं. मेलं नाही याचा अर्थ सुटलं असा नाही, असं त्या म्हणाल्या. मेलेल्या पेशींच्या जागी व्रण राहतो आणि महिन्यांनी, एखाद्या धावेत, असं जनावर स्वारासकट कोसळू शकतं. तेव्हापासून शिंगरू नुसतं फिरतंय. सोनोग्राफी झाली, अजून एक व्हायची आहे, आणि खोगीर खुंटीला.

पाचपैकी किती? करडाच्या वेळचे साडेचार, घोडीच्या वेळचे अडीच. अहवालाची भाषा सुधारा, दुसरं पान सगळ्यांना द्या (घोडीच्या वेळी ते नव्हतंच), आणि सूचनापत्रात ठळक अक्षरांत खाद्य, पाणी, चारा, पोत्याचं लेबल लिहा. मी माझ्यापुरतं सुरू केलंय: प्रत्येक नवीन पोतं उघडलं की अर्धा किलो बरणीत, लेबल कात्रीने कापून त्याच बरणीवर, वर तारीख. सध्या फडताळात नऊ बरण्या आहेत.

नवीन पेटीही आणून ठेवली आहे, देव करो आणि न लागो. सूचनापत्र वाचलं. तिसऱ्या ओळीत अजूनही "काळजाचा तुकडा थंड पिशवीत" असंच छापलेलं आहे. गड्याला नि मला एकच समजावं म्हणून फॉर्मलिनच्या बरणीवर मी जाड पेनाने लिहिलंय: "कप्पे असलेलं."